पुलावर माणूस नाही

त्या पुलाचा फुटपाथ नाक दाबूनच बघायला हवा. रस्त्यापासून गुडघाभर उंच, आणि चढायला पायरी नाही. चढलंच कुणी, तर चार पावलांवर एक फरशी गायब. त्या भोकातून खालचं काळं पाणी दिसतं. पुढे ओळीनं तीन विजेच्या पेट्या, मांजर जाईल एवढीच जागा सोडून उभ्या. पेट्यांच्या आडोशाला गावभरच्या पुरुषांनी मुतारी केलेली. पलीकडच्या टोकाला कुणीतरी टाकून दिलेली गादी, भिजून फुगलेली, तिच्यावर हिरवं काहीतरी उगवलेलं. अशा ठिकाणी शहाणा माणूस पाय ठेवत नाही. म्हणून पुलावरून पायी जाणारी सगळी माणसं खाली रस्त्याच्या कडेनं जातात, बसचा आरसा कानाला लागू नये म्हणून मान तिरकी करून, जीव मुठीत धरून.

या पुलाच्या मध्यावर, त्या वासात, स्टूल टाकून एक बाई तीन दिवस बसली होती. पुलावरून किती माणसं चालतात ते मोजणं हे तिचं काम. तीन दिवसांत तिनं मोजली सात.

हो, सात. बाईचे डोळे अधू नव्हते आणि ती कामचुकारही नव्हती. उलट रस्ते खात्यात तिच्याइतकी चोख मोजणी कुणाची नव्हती. हातात मावेल एवढं एक यंत्र असतं, अंगठ्यानं दाबलं की टिक वाजतं आणि आकडा एकानं पुढे सरकतो. ते यंत्र अकरा वर्षं तिच्या मुठीत होतं. ऑफिसचा शिपाई तिला टिकटिकबाई म्हणायचा. आधी तिला राग यायचा, मग सवय झाली, आणि पुढे पुढे तर आतून थोडं बरंही वाटू लागलं. तिला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या हेडक्लार्कनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "वाटेवर आडवी रेघ मारायची. रेघ ओलांडली की टिक. कोण आहे, कशाला चाललाय, मघाशी हाच गेला होता का, ते आपण बघायचं नाही. आपण डोकं लावलं की आकडा बिघडतो." तिनं अकरा वर्षं डोकं लावलं नव्हतं. याचाच तिला अभिमान होता.

यावेळचा तक्ता नवा होता. वर ठळक अक्षरात 'पायी व सायकल सुधार योजना' आणि कोपऱ्यात हसऱ्या चालणाऱ्या माणसाचं चित्र. खाली तीन रकाने: फुटपाथवरून पायी, सायकल मार्गावरून सायकल, शेरा. आणि तळाशी बारीक अक्षरात दोन सूचना. वाहनांच्या रस्त्यावरून जाणाऱ्या पायी व सायकलस्वारांची नोंद करू नये. खाडाखोड असलेला तक्ता रद्द समजावा.

आता पुलावर सायकल मार्ग नव्हताच. नसलेल्या मार्गावरून सायकल जाणार कशी? पाववाला दिवसातून सहा खेपा करायचा, सायकलीला दोन्ही बाजूंनी क्रेट बांधून, मागून येणाऱ्या ट्रकच्या शिव्या खात. तो तिच्या नाकासमोरून जायचा आणि सायकलीच्या रकान्यात शून्य पडायचं. नियमानं बरोबर शून्य. पायी रकान्यातले सात कोण म्हणाल, तर त्यातले पाच पेटीच्या आडोशाला चढलेले. रेघ ओलांडली, टिक. परत येताना ओलांडली नाही, कारण उडी मारून खाली गेले. उरलेले दोघं पैज लावून चढलेली कॉलेजची पोरं.

आणि खाली रस्त्यावर आई होती.

टिकटिकबाईची आई पुलाच्या अलीकडे लेकीकडे राहायची. आईची धाकटी बहीण, म्हणजे बाईची मावशी, पुलाच्या पलीकडे. मावशीची डावी बाजू गेलेली, पलंगावरून उठता येत नाही, आणि आईशिवाय तिला जगात दुसरं कुणी नाही. आई सकाळी जाऊन तिला आंघोळ घालायची, भरवायची. संध्याकाळी पुन्हा जाऊन कूस बदलून, पाठीला पावडर लावून यायची. रोज दोनदा जाणं, दोनदा येणं. वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरणारे.

मोजणीच्या तिन्ही दिवशी आई समोरून गेली, रस्त्याच्या कडेनं, हातात डब्याची पिशवी. दरवेळी काहीतरी बोलायची. "पाणी पी गं", "उन्हात डोक्यावर घे काहीतरी", असं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी थांबून तिनं विचारलं, "मला मोजलंस का?"

"तू रेघेवर नाहीस, आई."

"मग कुठे आहे मी?"

"तू रस्त्यावर आहेस. रस्त्यावरची माणसं धरायची नाहीत."

आईला इतकं हसू आलं की तिला पिशवी खाली ठेवावी लागली. "बघा हो," ती पाववाल्याला म्हणाली, "माझ्याच पोटची, आणि मला धरत नाही!" पाववालाही हसला. टिकटिकबाईही हसली. मागच्या बसनं कानठळ्या बसवणारा हॉर्न दिला तेव्हा आई पिशवी उचलून चालू लागली.

पुढच्या आठवड्यात तिला तळ्यावर पाठवलं. तळं म्हणजे नव्या बंगल्यांच्या मधोमध खोदलेला शोभेचा खड्डा, भोवती गोल चालायची वाट. सकाळ-संध्याकाळ तिथे गाड्यांची रांग लागायची. माणसं गाडीनं यायची, गोल गोल चालायची आणि गाडीनं परत जायची. ती वाट कुठून कुठे जात नव्हती. जिथून निघाली तिथेच येऊन पोचायची. तिनं रेघ मारली, स्टूल टाकलं आणि अंगठा सज्ज केला. रेघ ओलांडली की टिक. एक फेरी, एक टिक. दहा फेऱ्या, दहा टिक. एक गृहस्थ पांढरे मऊ बूट घालून, कोपर हलवत, तिच्या समोरून चौदा वेळा गेले. पहिल्या फेरीला ते मान हलवून हसले, कारण ते तिचेच साहेब होते. तिनं त्यांना चौदा वेळा मोजलं. नव्वदेक माणसं होती, आकडा झाला अकराशे चाळीस.

तेव्हाही तिनं डोकं लावलं नाही. लावलं असतं तर पुढची शरम वाचली असती.

महिन्याभरानं सभागृहात योजना लोकांपुढे मांडायची सभा झाली. दाराशी फलक, 'चला पायी, राहा निरोगी', आणि फलकाखाली गाड्या लावायला जागा पुरेना. टिकटिकबाई आकडेवारी घेऊन साहेबांच्या मागच्या खुर्चीत बसली होती. साहेबांचा आवाज मऊ. ऐकणाऱ्याला वाटावं हा माणूस आपलं भलंच करतोय. पडद्यावर त्यांनी तळ्याचं चित्र लावलं. अकराशे चाळीस पादचारी. तिथे रबरी वाट होणार, गुडघ्याला धक्का न बसणारी, दिवे, बाकं, आणि सायकलींसाठी आतून आणखी एक गोल. मग पुलाचं चित्र लावलं.

"पुलावर दिवसाला सरासरी दोन पादचारी आणि शून्य सायकली," साहेब म्हणाले. "म्हणजे पुलावर माणूसच नाही म्हणा ना. तेव्हा फुटपाथ काढून गाड्यांसाठी तिसरी लेन करू. अर्थात मग सुरक्षेसाठी पुलावर पायी जायला बंदी राहील. बायपासनं बस आहेच. दोन बदलाव्या लागतात, इतकंच."

मागच्या रांगेतून आई उभी राहिली. ती येणार हे लेकीला माहीतच नव्हतं. हातात डब्याची पिशवी होती. मावशीकडून थेट आली होती.

"अहो, मी जाते ना पुलावरून," आई म्हणाली. "रोज चार वेळा. माझी बहीण अंथरुणाला खिळलीये. दोन बस बदलून मी पोचणार कधी? तिला आंघोळ कोण घालणार?"

"आजी, तुमची अडचण समजते," साहेब मायेनं म्हणाले, "पण रेकॉर्डवर तसं दिसत नाही. आमची मोजणी झालीय. तीन दिवस आमची बाई तिथे बसून होती." ते मागे वळले. "काय हो? सही तुमचीच आहे ना?"

सगळ्या सभागृहानं तिच्याकडे पाहिलं. आईनंही पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर राग असता तर निभावलं असतं. तिथे नुसतं कुतूहल होतं, माझी लेक आता काय सांगते बघू, असं.

"हो," टिकटिकबाई म्हणाली. "माझीच."

आई खाली बसली. पिशवी मांडीवर घेतली आणि तिचे बंद नीट करत राहिली.

त्या पुलाचा वास टिकटिकबाईनं तीन दिवस सहन केला होता, पण आता आली तशी शिसारी तिथे आली नव्हती. साहेबांची आली, त्या गोड आवाजाची आली, पडद्यावरच्या हसऱ्या माणसाची आली, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या अंगठ्याची आली. अकरा वर्षं डोकं लावलं नाही म्हणून मिरवत होती! मेंढरं मोजणाऱ्यालासुद्धा आपलं मेंढरू ओळखू येतं.

तेवढ्यात पाववाला उठला. त्याचा आवाज भोंग्यासारखा. "मी खोटा का मग? सहा खेपा करतो! पुन्हा मोजा!"

साहेब जराही चिडले नाहीत. "तुमचा हक्कच आहे. हरकत आली की एक दिवस फेरमोजणी होते. तीच जागा, तीच रेघ, तोच तक्ता, याच बाई." ते हसले. "दोनाचे तीन होतील, आनंद आहे."

घरी गेल्यावर आईनं पाणी दिलं, डबा घासायला घेतला, आणि त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. लेकीला ते सहन होईना.

"बोल ना काहीतरी. शिव्या दे."

"कशाला? नोकरी आहे तुझी." आई डब्याच्या कडा घासत राहिली. "मला फक्त एक सांग. नेमकं काय केलं म्हणजे माणूस धरला जातो?"

"फुटपाथवर रेघ असते. ती ओलांडली पाहिजे."

"तेवढीच रेघ? आधी-नंतर कुठून आला, कुठून गेला?"

"ते बघायचं नाही."

"म्हणजे खालून आला, रेघेपुरता वर चढला, ओलांडली आणि पुन्हा खाली उतरला, तर?"

टिकटिकबाई आईकडे बघत राहिली. "तर टिक."

"मग एवढंच ना," म्हणत आईनं डबा पालथा घातला.

नंतरचे चार दिवस आईच्या तोंडाला आराम नव्हता. पुलावर जो भेटेल त्याला थांबवून ती सांगायची: बुधवारी, मधल्या पेटीच्या अलीकडे, पांढरी रेघ. दवाखान्यातल्या नर्सेसना सांगितलं, कारखान्याच्या पाळीला जाणाऱ्यांना सांगितलं, शाळेत पोरं सोडायला जाणाऱ्या आयांना सांगितलं. लेकीनं त्यात भाग घेतला नाही. मोजणाऱ्यानं माणसं गोळा करायची नसतात, आणि नियम तर नियम. पण तिनं आईला गप्पही केलं नाही.

बुधवारी सकाळी तिनं चुन्यानं रेघ मारली आणि स्टुलावर बसली. पहिला आला पाववाला. सायकलीवरून उतरला, एक क्रेट रिकामा करून पालथा घातला, त्याची पायरी केली. मग सायकल खांद्यावर घेऊन वर चढला, रेघ ओलांडली आणि पलीकडे उतरला. सायकलीवर बसलेला नाही म्हणजे पायी. टिक. क्रेट त्यानं तिथेच राहू दिला.

मग रांग लागली. नर्सेस पांढरे कपडे गुडघ्यापर्यंत उचलून धरत चढल्या. कामगार चढले, एकमेकांना हात देत. एका कोऱ्या बुटांच्या माणसानं खाली बघून तोंड वाकडं केलं. "यात पाय घालू?" मागची बाई म्हणाली, "रोज बसच्या तोंडात घालता तेव्हा काही वाटत नाही?" त्यानं डोळे मिटून पाय घातला. कालची लघवी, आजची लघवी, कुजलेली पानं, गादीतून गळणारं पाणी, सगळ्याचा मिळून एक चिकट चिखल झाला होता. प्रत्येक जण त्यात चार पावलं टाकायचा, घशाशी आलेलं गिळायचा आणि पुन्हा गाड्यांच्या कडेला उतरायचा. टिक. टिक. माणसांना आपण माणूस आहोत हे सिद्ध करायला घाणीत उतरावं लागावं, याहून ओंगळ काही तिनं पाहिलं नव्हतं.

आई साडेसातला आली. पिशवी कोपराला अडकवून तिनं क्रेटवर पाय ठेवला, आणि वर येताना चिखलात घसरून गुडघ्यावर पडली. टिकटिकबाई ताडकन उठली.

"बस खाली!" आई ओरडली. "जागा सोडलीस तर मोजणी रद्द होते, तूच सांगितलंस ना?"

ती बसली. आई कठड्याला धरून उभी राहिली. साडीला काय लागलं ते तिनं बघितलं नाही. चार पावलं टाकली, रेघ ओलांडली.

"मोज," आई म्हणाली.

टिक.

आई दिवसभरात चार वेळा चढली. संध्याकाळी पुन्हा एकदा पडली. रात्री गुडघा सुजून टम्म झाला होता आणि लेक शेक देत होती, तेव्हा आईनं विचारलं, "किती झाले?"

"तेराशे बारा."

"बाई गं," आई म्हणाली आणि डोळे मिटून बराच वेळ हसत राहिली.

सकाळी टिकटिकबाई तक्ता घेऊन साहेबांच्या खोलीत गेली. सही नेहमी साहेबांसमोर करायची असते. साहेबांनी आकडा पाहिला. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिला. आता हा माणूस कोंडीत सापडला असं तिला वाटलं. पण साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू तेच मऊ हसू पसरलं.

"वा! उत्तम," ते म्हणाले. "तेराशे! म्हणजे फुटपाथ काढता येत नाही. राहू दे. तिसरी लेन रद्द."

तिचा श्वास मोकळा झाला.

"आणि दुरुस्तीचा प्रश्नच मिटला की," साहेब पुढे म्हणाले. "जो फुटपाथ दिवसाला तेराशे माणसं वापरतात तो चांगलाच असणार. मी लिहून टाकतो, 'सुस्थितीत, उत्तम वापरात'. सायकली अजूनही शून्यच दिसतायत, म्हणजे त्यांचाही प्रश्न नाही. सगळं तळ्यावर लावू. करा सही, दुपारी समितीपुढे ठेवायचंय."

तिनं साहेबांच्या पायांकडे पाहिलं. टेबलाखाली पांढरे मऊ बूट होते, एक डाग नसलेले. ऑफिस सुटलं की थेट तळं.

मग तिनं पेन उघडलं, पण सही केली नाही. तिसऱ्या रकान्याशी हात नेला. शेरा. अकरा वर्षांत तिनं त्या रकान्यात एक शब्द लिहिला नव्हता. आता लिहू लागली, सावकाश, सुवाच्य. वरीलपैकी एकही माणूस फुटपाथवरून चालला नाही. सर्वजण रस्त्यावरून आले, मोजले जाण्यासाठी रेघेपुरते वर चढले व पुन्हा रस्त्यावर उतरले. वर लघवी व चिखल आहे, फरशी नाही, पेट्यांमुळे वाट बंद आहे. पाववाला सायकल खांद्यावर घेऊन चढला. एक बाई, वय अडुसष्ट, दोनदा पडल्या. त्या माझ्या आई. मागच्या मोजणीत त्या बारा वेळा माझ्यासमोरून गेल्या, मी त्यांना धरलं नाही. तळ्यावर साहेबांना चौदा वेळा धरलं आहे.

रकाना संपला तेव्हा तिनं समासात लिहिलं, समास संपला तेव्हा पान उलटून मागे लिहिलं. मग खाली सही केली आणि तक्ता पुढे सरकवला.

साहेबांनी वाचलं. त्यांचा आवाज पहिल्यांदा खरखरीत झाला. "हे काय? शेऱ्यात असलं कोणी लिहितं का? खोडा आधी."

"खाडाखोड असलेला तक्ता रद्द, साहेब. खाली छापलंय."

"मग हा रद्दच करतो मी!"

"करा ना," टिकटिकबाई म्हणाली. "एकदा रद्द झाला की नियमानं पुन्हा तीन दिवस मोजणी. मी बसेन. आईही येईल. आणि शेऱ्याचा रकाना तेव्हाही असेल."

बाहेर समितीची गाडी आल्याची वर्दी शिपायानं दिली. टिकटिकबाईनं खिशातलं यंत्र काढलं, आकडा शून्यावर आणला आणि ते टेबलावर न ठेवता परत खिशात टाकलं.

"सही माझीच आहे," ती म्हणाली. "कुणी विचारलं तर सांगा."